आधी त्रास, मग उतार : नैराश्यावरील औषधे, त्यांचे दुष्परिणाम आणि बरे होण्याचा काळ

नैराश्यावरील औषधांचा क्रम बहुतेक औषधांच्या उलट असतो. त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या गोळीनंतर काही तासांत मळमळ सुरू होऊ शकते, दोन-तीन दिवसांत झोप बिघडते किंवा दिवसभर गुंगी राहते. मनावरचे मळभ मात्र दोन ते चार आठवड्यांनी हलू लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते आणि प्रतिजैविकाने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, एवढाच बहुतेकांचा अनुभव. त्यामुळे 'गोळी उष्ण पडली', 'आपल्याला मानवली नाही' असे म्हणून पहिल्या महिन्यातच औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. औषध तपासले जाण्याआधीच नापास होते. या औषधांविषयीचा निम्मा गैरसमज त्यांच्या वेळापत्रकाविषयीचा असतो.

या औषधांचा शोध मुळात दुष्परिणामातूनच लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते. आजही क्षयावर वापरल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडचे ते भावंड. फुप्फुसांवरचा परिणाम अपेक्षित होता. पण खाटेला खिळलेले रुग्ण उठून बसू लागले, पोटभर जेवू लागले, वॉर्डात नाचू लागले. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोखते, हेही त्याच वर्षी कळले. सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांचे विघटन हे विकर करते. १९५७ मध्ये नेथन क्लाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने इप्रोनियाझिडचा नैराश्यावरील उपयोग पुढे आणला. यकृताला इजा होते असे दिसल्यावर ते बाजारातून गेले. त्याच्या गटातील इतर औषधे टिकली, पण तीही कटकटीची होती. जुने मुरलेले चीज खाल्ल्यावर काही रुग्णांचा रक्तदाब अचानक धोकादायक पातळीला जाई. चीजमधले टायरामाइन एरवी आतड्यात आणि यकृतात नष्ट होते. विकरच बंद पडल्यामुळे ते थेट रक्तात उतरत होते. बॅरी ब्लॅकवेल या तरुण ब्रिटिश डॉक्टरने १९६३ मध्ये हा संबंध दाखवून दिला.

दुसरा धागा स्वित्झर्लंडमधला. म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून हे गायगी कंपनीचे एक रसायन आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर तपासत होते. तिथे फारसे काही साधले नाही. मग १९५६ मध्ये त्यांनी ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना दिले आणि चित्र पालटले. हेच इमिप्रामिन. कून यांनी १९५७ मध्ये त्याचा अहवाल छापला, झुरिकच्या जागतिक परिषदेत तो मोजक्याच श्रोत्यांपुढे वाचलाही. रेणूच्या रचनेत तीन कडी असल्याने या कुळाला ट्रायसायक्लिक म्हणतात. आजही भारतात सर्रास दिले जाणारे अॅमिट्रिप्टिलिन याच कुळातले. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे, जवळचे धूसर दिसणे, उठताना चक्कर येणे हा त्यांचा ठरलेला त्रास. त्याहून गंभीर दोष म्हणजे जास्त मात्रेत ही औषधे हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतात. आत्महत्येचा विचार हेच ज्या आजाराचे एक लक्षण, त्याच्या रुग्णाच्या हाती महिन्याभराच्या गोळ्या देणे म्हणजे जोखीमच होती.

अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरमध्ये फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. 'प्रोझॅक' या नावाने ते जगभर गेले. मागोमाग सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटॅलोप्रॅम आणि आज भारतात खूप लिहून दिले जाणारे एस्सिटॅलोप्रॅम आले. या सर्वांना मिळून एसएसआरआय म्हणतात. जुन्या औषधांपेक्षा ती नैराश्य अधिक चांगले घालवतात असे काही सिद्ध झालेले नाही. ती सुरक्षित होती. चुकून किंवा मुद्दाम जास्त घेतली तरी त्यांनी मृत्यू क्वचित होतो. त्यांच्या प्रसाराचे खरे कारण हे. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांच्या बरोबरीने कुटुंबाचे डॉक्टरही ती देऊ लागले.

मज्जापेशी एकमेकींना सेरोटोनिन सोडून संदेश देतात आणि काम झाल्यावर ते परत ओढून घेतात. परत ओढणारा हा वाहक एसएसआरआय अडवतात, म्हणून पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहते. हे काही तासांतच घडते. मग बरे वाटायला आठवडे का लागतात? वाढलेल्या सेरोटोनिनशी पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) हळूहळू जुळवून घेतात, पेशींमधल्या जोडण्या बदलतात आणि भावनांची वर्गवारी करण्याची मेंदूची पद्धतही बदलू लागते, असे आजचे आकलन आहे. ऑक्सफर्डमधील कॅथरीन हार्मर यांच्या प्रयोगांत पहिल्या काही दिवसांतच लोक चेहऱ्यांवरचे आनंदी भाव अधिक सहज टिपू लागले. मनःस्थिती मात्र तेव्हा बदललेली नव्हती. जग जरा कमी काळे दिसू लागते, आणि त्या जगात काही आठवडे वावरल्यावर मन सावरते, असा त्यामागचा तर्क. 'नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी पडणे' हे जाहिरातींनी घरोघरी पोहोचवलेले स्पष्टीकरण मात्र पुराव्यावर टिकलेले नाही. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या आढाव्यात तसा ठोस पुरावा आढळला नाही. म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो म्हणजे शरीरात पॅरासिटॅमॉल कमी पडले होते, असे कोणी म्हणत नाही.

शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूत नसतेच. ते आतड्यात असते. गोळीला मेंदू आणि आतडे यांतला फरक कळत नाही. पोटात ढवळणे, मळमळ, जुलाब, भूक मरणे हा पहिल्या आठवड्याचा त्रास त्यातून येतो. केमोथेरपीतल्या उलट्यांवर दिले जाणारे ओन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनच्या ज्या ग्राहकाला अडवते, तोच ग्राहक इथे चाळवला जातो. हे ग्राहक सरावतात आणि बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गोळी जेवणानंतर घेणे, आठवडाभर निम्म्या मात्रेने सुरुवात करणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. डोकेदुखी, घाम, हातांचा बारीक कंप, वारंवार जांभया आणि झोपेत दात खाणे हेही याच काळातले. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री, हा बदल रुग्णाने डॉक्टरला फोनवर विचारून करण्याइतका सोपा आहे, तरी तो बहुधा केला जात नाही.

काही दुष्परिणाम मात्र सरावाने जात नाहीत. त्यांत सर्वांत कमी बोलला जाणारा लैंगिक आहे. इच्छा कमी होते, स्त्रियांना आणि पुरुषांना परमोच्च सुखापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो किंवा पोहोचताच येत नाही. रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो. डॉक्टरने थेट विचारले तर तक्रारीचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. परिणाम इतका भरवशाचा आहे की शीघ्रपतनावर वापरले जाणारे डॅपॉक्सेटिन हे याच गटातील, शरीरातून लवकर निघून जाणारे औषध आहे. नैराश्यातही कामेच्छा कमी होते, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरवताना औषध सुरू करण्यापूर्वीची स्थिती नोंदलेली असावी लागते. ती नोंद बहुतेक केसपेपरांत सापडत नाही. मात्रा कमी करणे किंवा ब्यूप्रोपिऑन वा मिर्टाझपिनसारख्या, हा त्रास कमी असलेल्या औषधाकडे वळणे हे मार्ग आहेत. पण ब्यूप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो आणि मिर्टाझपिनने भूक व वजन. थोड्या रुग्णांत औषध थांबवल्यानंतरही हा त्रास उरतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये तशी सूचना औषधासोबतच्या माहितीपत्रकात घालायला लावली.

दुसरा टिकणारा परिणाम म्हणजे भावनांचे बोथटपण. रडू थांबते, पण हसूही पूर्वीसारखे येत नाही. घरात लग्न असो की कोणाचे आजारपण, सारे काचेपलीकडून पाहिल्यासारखे वाटते. ही औषधे घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना हे कमी-अधिक जाणवते. सुरुवातीच्या काळात काहींना त्याचा आधारच वाटतो, कारण वेदनेची धार तेवढी कमी झालेली असते. पुढे तेच खुपू लागते. नैराश्याचे उरलेले अवशेष आणि औषधाचा बोथटपणा यांत फरक करणे अनुभवी डॉक्टरलाही अवघड जाते, आणि दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात मात्रा वाढवायची असते, दुसऱ्यात कमी करायची. निराशा आणि अपराधी भाव गेले, झोप-भूक ठीक आहे, पण सगळ्याच भावना एकसारख्या सपाट झाल्या आहेत, असे वर्णन असेल तर संशय औषधावर घ्यावा.

वृद्धांमध्ये पाहायचे ते वेगळेच. पासष्टीनंतर, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, एसएसआरआयमुळे रक्तातले सोडियम उतरू शकते. हे बहुधा पहिल्या महिन्यातच घडते. माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, तोल जातो, घरातल्या घरात पडतो. घरचे म्हणतात वय झाले, किंवा आजार वाढला. साध्या रक्ततपासणीत उत्तर मिळते. रक्तस्रावाचाही धोका असतो. रक्त गोठवणाऱ्या चकत्या स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, रक्तातून ओढून साठवतात, आणि ओढणारा वाहक मेंदूतलाच. तो अडला की चकत्यांचा साठा रिता होतो. एकट्या एसएसआरआयने सहसा काही बिघडत नाही. त्याच्या जोडीला अॅस्पिरिन किंवा गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफिनॅक रोज चालू असेल तर जठरातून रक्तस्रावाची शक्यता वाढते. सिटॅलोप्रॅमच्या मोठ्या मात्रा हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात म्हणून अमेरिकेच्या नियामक संस्थेने २०११ मध्ये दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. साठीपुढील रुग्णांसाठी ती २० ठरवण्यात आली.

सर्वांत तातडीचा दुष्परिणाम मनाचाच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहींना असह्य अस्वस्थता येते. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, जीव थाऱ्यावर राहत नाही. ती आजाराची चिंता समजून मात्रा वाढवली तर त्रास वाढतो. किशोर आणि तरुणांत या काळात आत्महत्येचे विचार उफाळू शकतात. अमेरिकी नियामक संस्थेने मुलांवरील २४ चाचण्या, म्हणजे ४,४०० हून अधिक रुग्ण, एकत्र तपासले. औषध घेणाऱ्यांत असे विचार किंवा वर्तन सुमारे ४ टक्क्यांत, नकली गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांत आढळले; प्रत्यक्ष आत्महत्या एकाही चाचणीत झाली नव्हती. २००४ मध्ये वेष्टनावर काळ्या चौकटीतील इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. पंचविशीपुढे हा वाढीव धोका दिसत नाही आणि पासष्टीपुढे तर औषधाने तो घटतो. इशाऱ्याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नाही. पहिला महिना त्यांना दर आठवड्याला भेटावे, असा आहे. भारतात ही साप्ताहिक भेट बहुतेक ठिकाणी होत नाही आणि पुढची तारीख महिन्यानंतरचीच मिळते. म्हणून घरच्यांपैकी एकाला तरी काय पाहायचे ते सांगितलेले असावे. असे विचार आले तर थांबायचे नसते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

द्विध्रुवीय विकार असलेल्या माणसाला नुसते नैराश्याचे औषध दिले तर मन उलट्या टोकाला जाऊ शकते. झोपेची गरज संपते, बोलणे-खर्च-बेत सुसाट सुटतात. या विकाराचे पहिले झटके अनेकदा नैराश्याचेच असतात, त्यामुळे 'पूर्वी कधी चार-पाच दिवस विनाकारण फार उत्साह होता का, घरात कोणाला तसे झाले होते का' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा असतो.

औषधांच्या आपसातल्या भांडणात क्षयरोग पुन्हा समोर येतो. प्रतिरोधी क्षयावरच्या आजच्या उपचारात लिनेझोलिड हे महत्त्वाचे औषध आहे आणि तेही, इप्रोनियाझिडसारखेच, मोनोअमाइन ऑक्सिडेजला काहीसे रोखते. ते एसएसआरआयबरोबर घेतल्यास सेरोटोनिन प्रमाणाबाहेर साचू शकते. मग घाम, जुलाब, थरथर, स्नायूंचे आचके, ताप आणि भ्रम दिसतात. तीव्र अवस्था जिवावर बेतते. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही तीच सावधगिरी हवी. प्रतिरोधी क्षयाच्या दीर्घ उपचारात नैराश्य येणे सामान्य आहे, त्यामुळे भारतात हा पुस्तकातला अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. क्षयाचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसायला हव्यात.

एवढे सोसून मिळते काय? या प्रश्नावर दोन टोकांची मते आहेत, आणि त्या वादाला औषध कंपन्यांचे वागणे बरेच जबाबदार आहे. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नियामकाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. अनुकूल ठरलेल्या ३८ पैकी ३७ नियतकालिकांत छापल्या गेल्या होत्या. प्रतिकूल किंवा संदिग्ध ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या आणि ११ अशा मांडणीने छापल्या होत्या की त्या अनुकूल वाटाव्यात. छापील साहित्य वाचून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला खरे चित्र दिसणे अशक्य होते. २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने छापलेल्या व न छापलेल्या ५२२ चाचण्यांतील १,१६,४७७ जणांची माहिती एकत्र केली. तपासलेली सर्व २१ औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली; पण सरासरी फरक माफकच होता. सरासरी माफक असते तेव्हा काहींना पुष्कळ फायदा, काहींना थोडा आणि काहींना शून्य अशी विभागणी तिच्यामागे लपलेली असू शकते. कोणता रुग्ण कोणत्या गटात पडेल हे आधी सांगणारी रक्ततपासणी नाही. फायदा तीव्र नैराश्यात ठळक दिसतो. सौम्य नैराश्यात नकली गोळीपेक्षा वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून सौम्य नैराश्यात पहिला उपाय गोळी नसावा, असे बहुतेक मार्गदर्शिका म्हणतात.

पहिले औषध लागू पडले नाही तर? अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या स्टार-डी या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या पायरीवर सिटॅलोप्रॅमने सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे जवळपास पूर्ण गेली. उरलेल्यांना दुसरे औषध दिल्यावर त्यांच्यातलेही जवळपास तितक्याच प्रमाणात सुधारले, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र यश १३-१४ टक्क्यांवर आले. चारही पायऱ्या मिळून ६७ टक्के बरे होतात, हा त्यातला खूप सांगितला गेलेला आकडा २०२३ च्या फेरतपासणीने फुगवलेला ठरवला. तरी दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही उतार पडत नसेल तर तिसरे-चौथे बदलत बसण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे, थायरॉइड, दारू आणि घरातली हिंसा यांची चौकशी करावी आणि विद्युत उपचारासारख्या वेगळ्या मार्गांचा विचार करावा, हा त्यातून निघणारा धडा टिकून आहे.

बरे होणे हे टप्प्याटप्प्याने होते. लक्षणे निम्म्याने घटली तर प्रतिसाद आला असे म्हणतात, जवळपास सगळी गेली तर शमन, आणि शमन सहा महिन्यांच्या आसपास टिकले तर रुग्ण त्या झटक्यातून बरा झाला असे धरतात. झोप आणि भूक बहुधा आधी सुधारतात. मग हालचाल आणि बोलण्याचा वेग. आनंद वाटणे, गोडी लागणे, वाचलेले लक्षात राहणे हे शेवटी. बदल रुग्णाच्या आधी घरच्यांना दिसतो. 'आज स्वतःहून अंघोळीला गेली' हे आईला कळते, मुलीला स्वतःला काहीच फरक वाटत नसतो. याच क्रमात एक धोकाही आहे, आणि जुने मानसोपचारतज्ज्ञ त्याबद्दल नेहमी बजावत आले आहेत. हातपाय हलण्याइतकी शक्ती निराशा ओसरण्याआधी परत येते. सुधारणेच्या सुरुवातीचे आठवडे म्हणून देखरेख सैल करण्याचे नसतात.

शमन झाल्यावरही झोपेची थोडी तक्रार, थकवा, कामात मन न लागणे उरते. हे अवशेष किरकोळ वाटतात, पण ज्यांच्यात ते उरतात त्यांचा आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. इथे गोळीपलीकडचे उपचार जास्त उपयोगी पडतात, आणि त्याचा जगात नावाजलेला एक पुरावा गोव्यातून आला आहे. संगत ही संस्था आणि विक्रम पटेल यांच्या गटाने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर चाचणी केली. समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाबरोबर बसून त्याच्या दिवसाची आखणी करत. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि सोडलेल्या कामांबरोबर मिळणारे थोडेथोडके समाधानही जाते. म्हणून मन लागण्याची वाट न पाहता देवळापर्यंत चालणे, बहिणीला फोन, मासळी बाजारातला फेरा अशी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्क्यांची लक्षणे शमली होती. केंद्रातील एरवीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांची. निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

विदर्भातले उदाहरण पोहोचण्याच्या प्रश्नाचे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे आढळले. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत असलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे, समुपदेशन करणे आणि गरज असेल तिथे डॉक्टरपर्यंत नेणे अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. दुष्परिणामांची चर्चा शहरी दवाखान्यात रंगते, तेव्हा देशातल्या बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न एकही गोळी किंवा एकही भेट न मिळण्याचा असतो, हे विसरले जाते.

लक्षणे गेल्यावर औषध किती दिवस? पहिला झटका असेल तर शमनानंतर सहा ते नऊ महिने त्याच मात्रेत, आणि पुन्हा पुन्हा येणारा आजार असेल तर निदान दोन वर्षे, असा सर्वसाधारण नियम आहे. बरे वाटताच गोळ्या बंद करणे ही सर्वांत सामान्य चूक. दुसऱ्या टोकाला, एकदा चिठ्ठी मिळाली की दहा वर्षे ती कोणी तपासतच नाही असेही घडते. ब्रिटनमध्ये बराच काळ औषध घेणाऱ्या आणि ते सोडायला तयार असलेल्या ४७८ जणांवरील 'अँटलर' अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचा आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. औषध संरक्षण देते हे खरे, आणि बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले हेही त्याच आकड्यात आहे.

'याची सवय लागते का' या प्रश्नाला डॉक्टर वर्षानुवर्षे ठाम नकार देत आले. दारू किंवा अफूसारखी ओढ या औषधांना नाही, मात्रा वाढवावीशी वाटत नाही, इतपत तो नकार बरोबर आहे. पण अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, चिडचिड, रडू फुटणे आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे हे अनेकांना होते. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी केलेल्या विश्लेषणात सुमारे ३१ टक्क्यांना असे काहीतरी जाणवले. नकली गोळी बंद करणाऱ्यांतही १७ टक्क्यांना. म्हणजे थेट औषधामुळे होणारे साधारण सहा-सातांत एक. आपल्याकडे या प्रश्नात आणखी एक गुंता आहे. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनॅझेपॅम यांची एकत्र गोळी भारतात खूप खपते. क्लोनॅझेपॅमची सवय खरोखरच लागते, आणि बदनाम होते दुसरे. आपल्या गोळीत काय काय आहे, हे रुग्णाने पाकिटावर वाचलेले असावे.

त्रास कोणाला जास्त, हे औषध शरीरात किती काळ राहते यावर बरेच ठरते. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर निघून जातात, म्हणून एखादी गोळी चुकली तरी जाणवते. फ्लुओक्सेटिनचा अंश आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ते जणू स्वतःच हळू उतरते. मात्रा कमी करण्याचे गणितही सरळ रेषेत चालत नाही. सिटॅलोप्रॅमची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतले सुमारे ८० टक्के वाहक व्यापते, पण ५ मिलिग्रॅमही ६० टक्क्यांच्या आसपास व्यापते. २० वरून १० वर येताना मेंदूला फारसा फरक कळत नाही. ५ वरून शून्यावर येणे हा खरा कडा आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये याच आधारावर शेवटचे टप्पे अगदी लहान आणि लांब ठेवण्याची पद्धत सुचवली. इतक्या लहान मात्रेच्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. द्रवरूप औषध मोजून घ्यावे लागते किंवा डॉक्टरच्या सल्ल्याने गोळीचे भाग करावे लागतात. एक दिवसाआड गोळी घेण्याची घरगुती युक्ती लवकर निघून जाणाऱ्या औषधांत उलट त्रास वाढवते, कारण रक्तातली पातळी रोज वरखाली होते.

बंद करतानाचा त्रास आणि आजार उलटणे यांची गल्लत झाली तर माणूस विनाकारण आयुष्यभराच्या औषधावर जातो. बंद करतानाचा त्रास काही दिवसांतच उगवतो, त्यात चक्कर आणि विजेचे झटके यांसारखी मूळ आजारात नसलेली लक्षणे असतात, आणि मात्रा पूर्ववत केली की एक-दोन दिवसांत जातो. आजार उलटतो तो आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू, आणि जुन्याच चेहऱ्याने. पहाटे तीनला जाग येणे, चहाची चव न लागणे, फोन उचलायचा कंटाळा अशी ज्याची-त्याची सुरुवातीची खूण ठरलेली असते. उपचार चालू असतानाच ती लिहून ठेवली आणि घरातल्या एकाला सांगितली तर पुढच्या वेळी दवाखाना लवकर गाठता येतो. तेव्हा पहिल्यापासून प्रयोग करावे लागत नाहीत. ज्या औषधाने आणि ज्या मात्रेने मागच्या वेळी उतार पडला होता, तिथूनच डॉक्टर सहसा पुन्हा सुरुवात करतात.